पोर्ट शेजारी, वाटा वेगळ्या

नमस्कार श्रोतेहो. नेट अडखळतं, माउस मध्येच उड्या मारतो, पेनड्राइव्हवर फाइल चढता चढत नाही, अशी तक्रार आली की पहिला संशय प्रोसेसरवर नाहीतर विंडोजवर जातो. त्याआधी एक करा. कॅबिनेट जरा पुढे ओढा, टॉर्च घ्या आणि मागची बाजू नीट बघा. मदरबोर्डचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाचे, पोर्ट तिथे एकाशेजारी एक बसवलेले असतात, पण प्रत्येकाचा वेग वेगळा आणि विजेचा पुरवठाही वेगळा. कुठली वायर कुठे खोचली आहे, यावर बरंच काही ठरतं.

यूएसबीपासून सुरुवात करू. पोर्टाच्या आत प्लास्टिकची एक जीभ दिसते. काळ्या जिभेचा पोर्ट बहुधा यूएसबी २.०, म्हणजे कागदोपत्री सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात फाइल कॉपी होते ती सेकंदाला साधारण ३० ते ४० मेगाबाइटच्या वेगाने (आठ बिट म्हणजे एक बाइट). निळी जीभ असेल तर बहुधा ५ गिगाबिट. ‘बहुधा’ म्हणण्याचं कारण, रंगाची सक्ती कोणावर नाही. लाल, पिवळा, हिरवा यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तेव्हा मॅन्युअल उघडा. नावांचा घोळ तर विचारूच नका. ५ गिगाबिटचा तोच पोर्ट आधी ३.० होता, मग ३.१ जेन १ झाला, पुढे ३.२ जेन १. नाव सोडा, आकडा बघा: ५, १० की २०.

वेगवान केबलच्या टोकात डोकावलंत तर पुढे चार पट्ट्या आणि त्यांच्या मागे, खोलवर, आणखी पाच दिसतील. या पाचांवरच नवा वेग चालतो. प्लग अर्धवट बसला, किंवा फार सावकाश सरकवला, तर कधीकधी आधी जुन्या चार पट्ट्या जुळतात आणि डिस्क २.० म्हणून ओळखली जाते. चालते, पण रडतखडत. अशा वेळी सुरक्षितपणे काढून एका दमात पूर्ण आत खोचा. पोर्टेबल हार्ड डिस्क टिकटिक आवाज करत वारंवार गायब होत असेल, तर वीज पुरत नाही अशी शंका घ्या. २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ५ गिगाबिटचा ९००. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून एक पातळ केबल जाते, तिच्यातही व्होल्टेज घटतं. म्हणून डिस्क मागे, थेट बोर्डावर लावा.

आता माउसच्या उड्या. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. वायरलेस माउसचा रिसीव्हर याच पट्ट्यात बोलतो. निळ्या पोर्टात डिस्क आणि तिला खेटून रिसीव्हर, अशी मांडणी असेल तर डिस्क कामाला लागली की माउस अडखळू शकतो. सेल बदलून काही होत नाही. रिसीव्हर लांबच्या काळ्या पोर्टात टाका, नाहीतर मीटरभर एक्स्टेंशन वायरने टेबलावर आणा.

लॅन पोर्टाकडे, म्हणजे नेटची केबल लागते त्या पोर्टाकडे, मात्र जरा निवांत बघू या. आतमध्ये आठ पिना, म्हणजे तारांच्या चार जोड्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात, पिन १-२ आणि ३-६. एक गिगाबिटला चारही लागतात. तारांच्या रंगांचा क्रम ठरवणाऱ्या नेहमीच्या टी५६८बी जोडणीत नारिंगी आणि हिरवी ही पहिल्या दोन जोड्यांची जागा, निळी आणि तपकिरी उरलेल्या दोनांची. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली, तरी नेट बंद पडत नाही, निमूटपणे १०० वर उतरतं. काही कार्डांवर उतरतही नाही, लिंक, म्हणजे दोन टोकांमधली जोडणी, येते आणि जाते, येते आणि जाते. खूण सोपी आहे. घरातल्या दोन संगणकांमध्ये फाइल पाठवताना वेग ११-१२ मेगाबाइटच्या वर हलत नसेल, तर लिंक १०० ची आहे. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, तिथे खात्री करा.

मग पहिली गोष्ट, केबल बदला. कॅट ५ई दर्जाची साधी केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट व्यवस्थित नेते, महागड्या केबलच्या नादी लागायची गरज नाही. दुसरी गोष्ट, प्लगची प्लास्टिकची पट्टी तपासा. ती मोडलेली असेल तर ‘टक’ आवाज येत नाही आणि प्लग केसभर मागे सरकतो. तरीही १०० च दिसत असेल तर राउटरचा पोर्ट पाहा, स्वस्त राउटरवर तोच १०० चा असतो. आणि पोर्टावरचे दोन्ही दिवे विझलेले असतील तर सॉफ्टवेअरमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही. आधी केबल, समोरचं टोक आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) लॅन चालू आहे का, ते बघा.

मॉनिटरबद्दल थोडक्यात. ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डातच लावायची, बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल, जसं इंटेलच्या ‘एफ’ शेपटीच्या प्रोसेसरमध्ये नसतं, तर बोर्डाचा एचडीएमआय पोर्ट निव्वळ शोभेचा. जांभळा-हिरवा गोल पीएस/२ पोर्ट (कीबोर्ड-माउसचा जुना पोर्ट) असला तर कीबोर्ड संगणक बंद करूनच लावा-काढा, तो चालू स्थितीसाठी बनवलेलाच नाही.

कॅबिनेट उघडून पुढच्या पोर्टांच्या वायरी जोडणार असाल तर बोर्डावरचे नऊ पिनांचे हेडर, म्हणजे वायरी जोडायचे उभ्या पिनांचे गट, नीट ओळखा. यूएसबी २.० च्या हेडरवर कोपऱ्यातली पिन नसते, ऑडिओच्या हेडरवर टोकापासून दुसरी. जुन्या बोर्डांवर फायरवायर या जुन्या जोडणीचा हेडर हुबेहूब यूएसबीसारखा असतो आणि त्यात १२ व्होल्ट असतात. चुकून तिथे यूएसबी जोडलं तर पेनड्राइव्ह गेलाच समजा. हेडरशेजारी छापलेली अक्षरं वाचल्याशिवाय जोडू नका. यूएसबी ३ चा १९ पिनांचा प्लग काढताना डावी-उजवीकडे हलवू नका, सरळ वर ओढा. पिना वाकतात, कधी प्लास्टिकचं घरच उखडून येतं. आणि हे सगळं करण्याआधी मेनची वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. संगणक बंद दिसत असला तरी मेन चालू असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्ट खेळतच असतात.