पाचव्या दिशेची वीज

शिकागो, 1909 नंतरची काही वर्षं. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन अत्तराच्या फवाऱ्यातून तेल उडवतायत आणि त्यातला एखादा थेंब दुर्बिणीतून तासन् तास न्याहाळतायत. वीज लावली की थेंब वर चढतो, बंद केली की खाली येतो. या दोन वेगांवरून त्याच्यावरचा विद्युतभार काढायचा. आकडे वेगवेगळे येतात, पण एका ठरावीक भारानं भागलं की उत्तर पूर्ण संख्येतच. तीन, सात, बारा. साडेतीन कधीच नाही.

का नाही? हे प्रयोगाला सांगता येत नव्हतं.

याचं एक उत्तर सुरू होतं ते प्रशियातल्या क्योनिग्सबर्गमध्ये. थिओडोर कालुझा तिथल्या विद्यापीठात बिनपगारी अधिव्याख्याते होते. एप्रिल 1919 मध्ये त्यांनी आइन्स्टाइनना एक लेख पाठवला. आइन्स्टाइनचीच गुरुत्वाकर्षणाची समीकरणं, फक्त चार मितींऐवजी (अवकाशाच्या तीन दिशा आणि काळ) पाच मितींत मांडलेली! त्यातून गुरुत्वाकर्षण तर निघालंच. शिवाय मॅक्सवेलची विद्युतचुंबकाची समीकरणंही, न बोलावता. आइन्स्टाइन आधी हरखले, मग साशंक झाले. लेख छापून यायला 1921 उजाडलं.

कालुझांच्या मांडणीत विद्युतभार म्हणजे कणाचा पाचव्या दिशेतला संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वीज म्हणजे एक प्रकारची चाल! पण ही दिशा दिसत का नाही?

1926 मध्ये स्वीडनच्या ओस्कार क्लाइन यांनी सांगितलं, ती गुंडाळलेली आहे. त्या दिशेनं निघालं की फिरून तिथेच. आणि क्वांटम सिद्धांतात कण ही लाटही असते. बांगडीवर साडेतीन फुलांची नक्षी काढली तर सांध्यावर ती जुळत नाही. फुलं पूर्णच बसवावी लागतात. वर्तुळाभोवतीच्या लाटेचंही तसंच. लाटा पूर्ण, म्हणून संवेगाच्या पायऱ्या ठरलेल्या, म्हणून भारही ठरलेला. मिलिकन यांचे तीन, सात, बारा थेट अवकाशाच्या आकारातून!

क्लाइन यांनी या वर्तुळाचा परीघही काढला. सेंटिमीटरमध्ये लिहायचा तर दशांशचिन्हापुढे 30 शून्यं, मग 8.

घोडं अडलं ते वस्तुमानाशी. याच हिशोबानं इलेक्ट्रॉन धुळीच्या बारीक कणाएवढा जड निघतो. प्रत्यक्षात तो त्याहून हलका आहे, आणि किती पट? एकावर वीस शून्यं! असली तफावत किरकोळ दुरुस्तीनं भरून निघत नाही. तरी मला या फसलेल्या गणिताचं अप्रूप वाटतं. ‘भार असा का’ हा प्रश्न भूमितीला विचारता येतो, हे त्यानं दाखवलं.

पुढे सुपरस्ट्रिंग सिद्धांतानं (कण म्हणजे कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारा, असं मानणाऱ्या) एक सोडून सहा मिती गुंडाळल्या. पुरावा मात्र अजून नाही. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण आदळवणाऱ्या महायंत्रात कालुझा-क्लाइन कण, म्हणजे गुंडाळलेल्या दिशेत संवेग असलेले जड कण, शोधले गेले, एकही हाती लागला नाही. गुंडाळलेली मिती पुरेशी मोठी असेल तर अगदी जवळच्या अंतरावर गुरुत्वाकर्षण बदललेलं दिसायला हवं. म्हणून सिएटलमधल्या गटानं 2020 मध्ये नाजूक पीळतराजूवर (तारेच्या पिळावरून बल मोजणाऱ्या) 52 मायक्रोमीटर अंतरापर्यंत गुरुत्वाकर्षण तपासलं. तिथेही न्यूटनचा नियम जसाच्या तसा निघाला.