पाण्याच्या चालीनं

सकाळचे सहा. खडकवासल्याच्या भिंतीखालून पाणी सुटलंय आणि त्याच्या काठानं आपण निघालोय. कुणी पायी, कुणी सायकलवर. हा मुठा उजवा कालवा. पुणेकर नुसतं ‘कॅनॉल’ म्हणतात.

धरण पूर्ण झालं १८७९ साली. आखणी फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. तलावालाही तेव्हा ‘लेक फाइफ’ म्हणत.

पुण्यात सायकल काढली की कुठला ना कुठला चढ मांड्या भरून आणतोच. इथे नाही. पंपाशिवाय, पाण्याच्याच वजनानं पाणी पार इंदापूरकडे न्यायचं, म्हणून टेकड्यांना वळसे घालत, नकळत उतरत ही वाट काढलेली. त्या हिशेबाचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना.

वडगाव, हिंगणे. पुलावरून कुणीतरी निर्माल्य सोडतं. (पिशवीसकट. असो.) त्यातला एक झेंडू सुटतो आणि आपल्या शेजारून चालू लागतो. रमतगमत चाललं तर तो पुढे जातो, झपझप चाललं तर मागे पडतो.

जनता वसाहतीखाली वाट अडते. आवर्तन आलंय, म्हणजे शेतीसाठी पाळीनं सोडलेलं पाणी; गोधड्या धुवायला बाहेर पडल्यात. एक ओली, जड गोधडी वाटभर पसरलीय. ठिगळांतून पाण्याचे ओघळ पुन्हा कालव्याकडे निघालेत.

“दादा, उतरून घ्या. चाक नका घालू.”

“हो मावशी.”

सायकल खांद्यावर.

२७ सप्टेंबर २०१८. याच भागात कालव्याची भिंत फुटली. दिवसाढवळ्या दांडेकर पुलाजवळच्या वस्त्यांत पाणी घुसलं, धान्याचे डबे, दप्तरं, कागदपत्रं, सगळं चिखलात गेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदी शहरात आली होती. या वेळी कालवा आला.

पर्वतीचा पायथा, स्वारगेट, मग हडपसर. मध्ये कुठे नीट बांधलेली वाट, कुठे राडारोडा, कुठे बाभळीचा काटा. पंक्चरचं सामान जवळ असू द्या.

खडकवासला ते फुरसुंगी बोगदा काढून हे पाणी जमिनीखालून न्यायची योजना आहे. गळती थांबेल, बाष्पीभवन वाचेल, शेतापर्यंत पाणी जास्त पोचेल. हे पटतं. पण मग शहरातल्या या कोरड्या पट्ट्याचं काय करायचं, हे आत्ताच ठरवायला हवं. नाहीतर आधी गाड्या लागतील, मग टपऱ्या, आणि चालणारे पुन्हा मुख्य रस्त्यावर.

हडपसरला आपण वळतो. झेंडू वळत नाही. त्याला अजून दौंड गाठायचंय.