आधीची मोजणी कुठे आहे?

कोविड महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य जगभर २५ टक्क्यांनी वाढलं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा मार्च २०२२मधला आकडा तुम्ही ऐकला असेल. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक मोठा आढावा आला. त्यात ज्यांच्या मानसिक आरोग्याची मोजणी महासाथीच्या आधीही झालेली होती, असे लोकांचे १३४ गट घेतले होते. निष्कर्ष काय? सर्वसामान्य लोकांमध्ये चिंतेत फारसा फरक नाही, नैराश्याची लक्षणं किंचित वाढलेली, स्त्रियांची स्थिती थोडी जास्त बिघडलेली.

मग खरं काय? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सरासरी जराशी सरकली, तरी आजाराच्या उंबरठ्यावर उभे असलेले बरेच जण पलीकडे जातात. पण हे तपासायला आधीची मोजणी हाताशी लागते, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि प्रश्नावल्यांचं पीक आलं. लिंक पाठवायची, ज्याला वाटेल त्याने भरायची. ज्याला मुळात अस्वस्थ वाटतंय तो असली लिंक उघडण्याची शक्यता जास्त, आणि ज्याच्याकडे इंटरनेटच नाही तो हिशेबातच नाही. त्यावर शेकडो शोधनिबंध छापून आले. घाई समजू शकते, पण त्यातल्या बऱ्याच निबंधांचा आज उपयोग काय, हे मला सांगता येणार नाही.

आता मोजपट्टीकडे या. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी २००१पासून सर्रास वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती वेळा झाला, त्यावर प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की नैराश्याची शंका. त्यात झोपेचा एक प्रश्न आहे, थकव्याचा एक, एकाग्रतेचा एक. लाँग कोविडच्या, म्हणजे कोविडनंतर महिनोन्महिने त्रास रेंगाळलेल्या रुग्णाला हे तिन्ही त्रास जवळजवळ रोज असतील, तर नऊ गुण तिथेच झाले. भूक थोडी मंदावली की दहा! मन उदास आहे का, या प्रश्नाला त्याने शून्य दिलं असलं तरी. रुग्णाची नीट मुलाखत घेतली तर हा फरक लगेच कळतो. पण मुलाखतीला माणूस लागतो, वेळ लागतो, पैसा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा 'मेंटल हेल्थ ॲटलास २०२०' हा अहवाल पाहिला, तर सरकारं आरोग्यावरच्या खर्चातला जेमतेम दोन टक्के वाटा मानसिक आरोग्याला देतात. त्यातून संशोधनाच्या वाट्याला किती उरत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

गरीब देशांचा प्रश्न याहून अवघड. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या त्या आढाव्यातले बहुतेक गट श्रीमंत किंवा उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. महासाथीच्या सुरुवातीच्या महिन्यांत आत्महत्या वाढल्या नाहीत, असं २१ देशांच्या आकडेवारीतून २०२१मध्ये दिसलं. दिलासा वाटतो खरा, पण तेही देश याच उत्पन्नगटांतले.

मे २०२३मध्ये कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं. संशोधनाला मिळणाऱ्या तातडीच्या अनुदानांचा ओघही आटत गेला. पण शाळा बंद असताना सहा-सात वर्षांची असलेली मुलं आत्ता कुठे किशोरवयात येतायत. त्यांच्यावर काय परिणाम झाला, हे त्याच मुलांना वर्षानुवर्षं भेटत राहिल्याशिवाय कळणार नाही. शिवाय अशा दीर्घ अभ्यासांतून मध्येच गळणाऱ्यांमध्ये बहुधा जास्त त्रासात असलेलेच अधिक असतात. म्हणून माझा आग्रह असा, की अनुदानाचा अर्ज लिहिताना गळालेल्यांना शोधून पुन्हा भेटण्याचा खर्च त्यात वेगळा दाखवा. कपात करणाऱ्यांची पहिली कात्री त्यावरच चालते, म्हणून तर आधीच भांडून घ्या.