दांड्यावरची जागा

श्रोतेहो, नमस्कार.

गोराई, मनोरी, मढ, आरेतले पाडे... आपल्या मुंबईत अजून अशी घरं आहेत, जिथं परसात पाच-दहा गावठी कोंबड्या उकरत फिरतात. त्या घरांतल्या मंडळींशी, आणि हौसेनं नुकतीच पिल्लं आणलेल्यांशी मला आज बोलायचंय. विषय आहे दिवेलागणीचा. कोंबड्या खुराड्यात शिरतात आणि दांड्यावर चढतात, त्या वेळेचा.

कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही. म्हणून उजेड आहे तोवरच ती जागा धरते. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सहाला सूर्य मावळतो, जूनअखेरीस सव्वासात होऊन जातात. कोंबड्यांची परतायची वेळही तशी मागंपुढं होते. एका संध्याकाळी हातातलं काम ठेवून खुराड्याशी थांबा. आधी चढलेली एखादी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, भिंतीलगतची जागा पकडून बसलेली असते. मागून जुनी, थोराड कोंबडी येते आणि मान ताठ करून तिच्याकडे बघते. तलंग मान खाली घालून सरकली, तर तिथंच मिटलं. नाही सरकली, की डोक्यावर एक चोच बसते. तलंग खाली उडी टाकते, जरा घुटमळते आणि दुसऱ्या टोकाला चढते. थोडा वेळ कलकल चालते, मग थांबते.

ती कलकल ऐकून माणसं कळवळतात. 'बिचारीला सगळ्या मिळून टोचतात हो,' असं म्हणत तिला उचलून वेगळ्या डालग्याखाली ठेवतात. हेतू चांगला असतो, पण त्यानं तिचं नुकसान होतं. बरेच दिवस बाहेर राहिलेली कोंबडी परतते ती परकी होऊन, आणि तिला सगळी भांडणं पहिल्यापासून लढावी लागतात.

कोण कुणाला टोचणार आणि कोण कुणापुढं सरकणार, हे कळपात एकदा ठरलं की रोज मारामारी करावी लागत नाही. नुसत्या नजरेवर काम भागतं. थोर्लीफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकानं लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. चोचीची ही उतरंड त्यानं १९२२ साली जर्मन भाषेतल्या निबंधात मांडली. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ही उतरंड दर वेळी सरळ नसते. पांढरी काळीला टोचते, काळी तांबडीला, आणि तांबडी मात्र पांढरीला हुसकते! एकेका जोडीचा निकाल वेगळा लागलेला असतो.

कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून. जखमेनं तुऱ्याचं रूप पालटलं, तर कालपर्यंतच्या सोबतिणीही तिला टोचू लागतात.

मग आपलं काम काय? जागा देणं. हरलेलीला सरकायला जागाच नसेल, तर चोच थांबत नाही. मुंबईत जागेची ओढाताण मला ठाऊक आहे, तरी दांड्यावर दर कोंबडीमागं वीतभर लांबी हवीच. आणि सगळे दांडे एकाच उंचीवर बांधा. शिडीसारखे वरखाली बांधले, की वरच्या दांड्यासाठी रोज झटापट होते आणि खालच्या कोंबड्यांच्या अंगावर रात्रभर विष्ठा पडते. यांचा पूर्वज लाल रानकोंबडा रात्री झाडावर बसतो. उंचीची ओढ तिथून आलेली, ती जायची नाही. दांड्याला दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी घ्यावी आणि कडा घासून गोल कराव्यात. फार उंच बांधू नये. वजनदार कोंबडी सकाळी धपकन उतरते आणि पायाला किंवा छातीच्या हाडाला मार बसतो. अंडी घालायच्या खोक्यात एखादी रात्री झोपत असेल, तर तिला दांड्यावर जागा मिळत नाहीये असं समजा. दाण्याची, पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, आणि एक फळी आडवी लावून आडोसा करा. टोचणारीच्या नजरेआड झालं तरी पुष्कळ फरक पडतो.

नवी कोंबडी आणायची तर एकटी आणू नका, निदान दोघी आणा. आधी दोन-तीन आठवडे पूर्ण वेगळ्या ठेवा, कारण राणीखेतसारखा रोग शिरला तर सगळं खुराडं रिकामं होतं. मग आठवडाभर मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा. एकमेकींना बघू देत, चोच मात्र पोचता कामा नये. पुष्कळ जण नवीला रात्री गुपचूप दांड्यावर बसवतात. माझा त्यावर भरवसा नाही. उजाडलं की भांडण व्हायचं ते होतंच, आणि तेव्हा आपण नेमके झोपलेले असतो. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी उजेडी, मोकळ्या परसात सोडा आणि जवळ थांबा. चोचाचोची होईल, ती होऊ द्या.

रक्त दिसलं मात्र, तर त्या क्षणी तिला बाजूला काढा. लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथंच टोचतात आणि कोंबडी जिवानिशी जाते. तिचा पिंजरा जाळीचा असावा आणि कळपाच्या नजरेसमोर असावा. जखम भरली की लगेच परत सोडा. आणि नेहमी दांड्यावर बसणारी कोंबडी एखाद्या संध्याकाळी जमिनीवरच बसून राहिली, तर तो मानपानाचा प्रश्न समजू नका. तिच्या पायाचे तळवे बघा. तिथं काळी खपली, गाठ किंवा सूज दिसली, तर सकाळीच तिला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.