आवाज पुढे, चित्र मागे

मंडळी, जरा डोळे मिटा. समोर एका वेबसाइटचं पेज उघडलंय, त्यात व्हिडिओ लावलेला आहे आणि तो अडकत अडकत चालतोय. आता सांगा, आवाज कसा येतोय?

पाहा, कुणालाच पटकन सांगता आलं नाही. मला फोन करणाऱ्यांनाही येत नाही. वेबसाइटी सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे ‘व्हिडिओ अडकतोय’ हे वाक्य माझ्या कानांना सवयीचं झालंय. मी आवाजाचं विचारलं की पलीकडून उत्तर येतं, ‘अहो, आवाजाचं नाही, चित्राचं सांगतोय मी!’ मग केलेल्या उपायांची यादी ऐकायला मिळते. राउटर बंद करून चालू केला, कॅशे उडवली, ब्राउझर बदलला, शेवटी नेटचा प्लॅनसुद्धा वाढवून घेतला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! व्हिडिओ तसाच अडकतो, कारण दुखणं नेटमध्ये नव्हतंच.

व्हिडिओत चित्र आणि आवाज असे दोन वेगळे प्रवाह असतात. प्लेअरला ते जुळवून ठेवावे लागतात आणि त्यासाठी घड्याळ म्हणून तो आवाज धरतो. चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं, म्हणजेच फ्रेम. एखाददुसरी फ्रेम गळली तर डोळा ते सोडून देतो. आवाजात मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढी फट पडली तरी कानाला खटकतं. म्हणून चित्र मागे पडायला लागलं की प्लेअर आवाजाला थांबवत नाही. तो चित्राच्या काही फ्रेम सरळ टाकून देतो आणि पळत जाऊन आवाजाला गाठतो. आपल्याला दिसतात ते धक्के याच पळापळीचे.

म्हणजे आवाज सुरळीत आणि चित्र धक्के खातंय, असं असेल तर माल, म्हणजे व्हिडिओचा डेटा, वेळेवर पोचलाय. तो उलगडून पडद्यावर मांडणं मशीनला झेपत नाहीये. याउलट दोन्ही एकदम थांबले आणि गोल चक्र फिरायला लागलं, तर माल संपला. तिथे नेट किंवा सर्व्हर बघायचा. चित्र थांबत नाही पण मध्येच धुरकट होतं, तेही नेटचंच. प्लेअरने ओढाताण ओळखून हलक्या दर्जाची आवृत्ती मागवलेली असते. आणि आवाजही खरखरत तुटायला लागला, तर समजा अख्ख्या मशीनलाच धाप लागली आहे.

कानाने अंदाज आला की आकड्यांनी खात्री करून घ्यायची. यूट्यूबचा व्हिडिओ दुसऱ्याच्या पेजमध्ये लावलेला असला तरी त्यावर राइट क्लिक करता येतं. त्या मेनूत तळाशी ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ असतं. नाव थट्टेचं आहे, चीज मात्र कामाची. त्यात दोनच ओळी बघा. ‘बफर हेल्थ’ म्हणजे पुढच्या किती सेकंदांचा माल हातात आहे. तो आकडा शून्याकडे घसरत असेल तर नेट. तिथे वीस-तीस सेकंद निवांत शिल्लक असतील आणि ‘ड्रॉप्ड’ फ्रेमचा आकडा भराभर वाढत असेल, तर नेटचा विषय तिथेच मिटवा. सुरुवातीला दहा-पाच फ्रेम गळतात, त्याने घाबरू नका. आकडा वाढत राहतोय का, ते महत्त्वाचं.

मशीनला एवढं काय जड जातं? १०८०पी चित्राच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांच्या वर ठिपके असतात. ४केमध्ये याच्या चौपट, जवळजवळ ८३ लाख. व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमचा असेल तर एक फ्रेम उलगडून दाखवायला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत याच्या दुप्पट सवड. म्हणून गिअरच्या चिन्हात जाऊन ‘१०८०पी६०’ ऐवजी ‘७२०पी’ निवडलं की धक्के जादूसारखे जातात आणि लोकांना वाटतं की नेटवरचा भार कमी झाला. झाला असेलही, पण सुटकेचा श्वास टाकला तो प्रोसेसरने.

यात आणखी एक मेख आहे, कोडेकची. व्हिडिओ घडी घालून पाठवतात, तर घडी घालण्याच्या पद्धती वेगवेगळ्या. एच.२६४ ही २००३ची. तिची घडी उलगडणारं खास सर्किट आज जवळपास प्रत्येक फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये असतं. व्हीपी९ आली २०१३ला, एव्ही१ आली २०१८ला. नव्या पद्धतीत घडी लहान होते, डेटा वाचतो. पण एव्ही१ उलगडणारं सर्किट कॉम्प्युटरमध्ये साधारण २०२० पासून यायला लागलं, आणि ॲपलच्या लॅपटॉपमध्ये तर २०२३च्या एम३ चिपबरोबर. त्याआधीच्या मशीनवर हे काम साध्या प्रोसेसरला करावं लागतं. पंखा घोंघावतो, मशीन तापतं, तापलं की स्वतःहून वेग कमी करतं आणि फ्रेम गळू लागतात. पहिली दोन मिनिटं झकास आणि नंतर अडखळत, अशी तक्रार आली की मी आधी लॅपटॉपला हात लावून बघायला सांगतो. तो मांडीवरच्या उशीवर असतो, हेही बऱ्याचदा निघतं! बॅटरी वाचवण्याचा मोड चालू असला तरी असंच होतं.

स्टॅट्सच्या त्याच चौकटीत कोडेकचं नाव असतं. ‘एव्ही०१’ दिसलं, मशीन जुनं आहे आणि फ्रेम गळतायत, तर यूट्यूबकडून एच.२६४च मागवणारी ब्राउझर एक्स्टेन्शन मिळतात. जुन्या मशीनला याने खरोखर उभारी येते. मात्र यूट्यूब एच.२६४मध्ये १०८०पीच्या वर सहसा देत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. व्हिडिओ पेजमध्ये लावलेला आहे, यावर मी एवढा जोर का देतोय? कारण याची परीक्षा एका क्लिकची आहे आणि ती कुणी करत नाही. तोच व्हिडिओ त्याच मशीनवर, त्याच ब्राउझरमध्ये, त्याच्या मूळ साइटवर उघडा आणि तितक्याच आकारात, तितक्याच दर्जाने चालवा. तिथे छान चालला आणि तुमच्या पेजवर अडकला, तर नेट सुटलं, मशीन सुटलं, कोडेकही सुटला. उरलं तुमचं पेज. आकाराची अट मुद्दाम घातली, कारण लहान चौकटीत प्लेअर आपणहून हलका दर्जा निवडतो आणि तुलना फसते.

इथे मी माझीच फजिती सांगतो. एका संस्थेच्या पेजवर व्हिडिओ धक्के खात होता. मी दोन दिवस सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, पुस्तकं चाळल्यासारख्या चाळल्या. व्हिडिओ माझ्या सर्व्हरवर नव्हताच, तरीही! शेवटी कंटाळून पेजचा एकेक भाग काढत गेलो आणि वरची मेनूची पट्टी काढल्याबरोबर व्हिडिओ लोण्यासारखा चालायला लागला. ती पट्टी अर्धपारदर्शक होती, दुधी काचेसारखी, खालचं सगळं धूसर दाखवणारी. मीच हौसेने केलेली. पेज सरकवलं की ती व्हिडिओच्या वरच्या कडेवर यायची. खालचं चित्र स्थिर असेल तर ब्राउझर एकदा धूसर करून मोकळा होतो. व्हिडिओत मात्र खालचं चित्र सेकंदाला तीस वेळा बदलतं, आणि प्रत्येक वेळी ते धूसर करण्याचं गणित नव्याने करावं लागतं. दिसायला सुंदर होती, पण काढून टाकली.

एरवी ब्राउझर व्हिडिओला शक्य तिथे पडद्यावर जवळचा रस्ता देतो, बाकीच्या पेजमध्ये न मिसळता. तुम्ही त्यावर फिल्टर लावलेत, पारदर्शकता दिलीत, वरून काही तरंगतं ठेवलंत की तो रस्ता बहुधा बंद होतो आणि प्रत्येक फ्रेम पेजच्या इतर थरांमध्ये कालवावी लागते. ताकदवान मशीनवर कळतसुद्धा नाही. म्हणूनच पेज बनवणाऱ्याच्या मशीनवर हा दोष कधी दिसत नाही, तो दिसतो पाहणाऱ्याच्या.

दुसरा गुन्हेगार म्हणजे गर्दी. एका पेजवर बारा व्हिडिओ लावलेले मी पाहिलेत. चालतो एकच, पण बाराही चौकटींचा प्लेअर, त्याच्या स्क्रिप्टसकट, पेज उघडताच उभा राहतो. एकाच साइटवरून आलेल्या अशा चौकटी ब्राउझर सहसा एकाच प्रोसेसमध्ये कोंबतो, म्हणजे बारा जणांना स्वयंपाकघर एक. उपाय सोपा आहे. प्रत्येक जागी व्हिडिओचं स्थिर चित्र आणि वर प्लेचं बटण ठेवायचं, खरा प्लेअर क्लिक झाल्यावरच आणायचा. तेवढं जमत नसेल तर आयफ्रेमला, म्हणजे दुसऱ्या साइटचा मजकूर पेजमध्ये आणणाऱ्या चौकटीला, ‘लोडिंग’ हा गुण ‘लेझी’ असा द्या, म्हणजे खालच्या चौकटी त्यांच्या जवळ जाईपर्यंत उघडत नाहीत. आणि पेजच्या माथ्यावर जो मुका व्हिडिओ सजावट म्हणून गरागरा फिरत असतो, तो नजरेआड गेल्यावर थांबतोय ना, ते बघा. माझं मत विचाराल तर तो नसलेलाच बरा.

काही जण व्हिडिओची फाइल स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवतात. तिथे हिशेब वेगळा. मोठ्या साइटी एकाच व्हिडिओच्या अनेक दर्जांच्या आवृत्त्या करतात, त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, आणि प्लेअर नेटचा रंग बघून पुढचा तुकडा कुठल्या दर्जाचा मागवायचा ते ठरवतो. तुमच्या एकट्या एमपी४ फाइलला ही सोय नाही. ती आहे तशीच यायला हवी. एक मिनिटाची फाइल १०० एमबीची असेल तर ८ने गुणा. ८०० मेगाबिट झाले, भागिले ६०, म्हणजे सेकंदाला १३ मेगाबिटच्या वर. कॅमेऱ्यातून निघालेली फाइल तशीच चढवली की हे असं होतं. यूट्यूब १०८०पीसाठी पाहणाऱ्याकडे सेकंदाला ५ मेगाबिट पुरे धरतं. म्हणून आधी फाइल आवळा. त्याच वेळी ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय लावा, एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आहे. एमपी४ची अनुक्रमणिका पुष्कळदा फाइलच्या शेवटी असते आणि ती हाती आल्याशिवाय प्लेअरला सुरुवात करता येत नाही. हा पर्याय तिला पुढे आणतो. सर्व्हर फाइलचा मधलाच तुकडा द्यायला तयार आहे ना, हेही पाहा. नसेल तर पाहणाऱ्याने पुढे सरकवलं की व्हिडिओ तिथेच रुसून बसतो.

वायफायबद्दल थोडक्यात. स्पीड टेस्ट उत्तम आणि व्हिडिओ तरी थांबतो, असं झालं तर एकदा केबल लावून बघा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे दाटीवाटीने बसलेले असतात. ५ गिगाहर्ट्झवर गेलात तर पुष्कळदा प्रश्न मिटतो, फक्त भिंतींपलीकडे तो पट्टा लवकर दमतो.

(इथे श्रोत्यांतून विचारलं गेलं: ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा, असं सगळीकडे सांगतात. करायचं का?’)

परीक्षा म्हणून करा, उपाय म्हणून नको. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ते असतं. बंद केल्यावर ब्राउझर पुन्हा सुरू करावा लागतो. मुळात ते बंद करणं म्हणजे घडी उलगडणारं सर्किट बाजूला ठेवून सगळं ओझं प्रोसेसरवर टाकणं. तरीही ते बंद केल्यावर व्हिडिओ सुधारला, तर दोष बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते सर्किट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ड्रायव्हर अपडेट करा आणि ॲक्सिलरेशन परत चालू करा. लोक पहिली पायरी करतात, दुसरी विसरतात, आणि सहा महिन्यांनी माझ्याकडे येतात की बॅटरी लवकर उतरते.

(‘आमच्याकडे फ्रेम एकही गळत नाही, नेटही ठीक आहे, तरी कॅमेरा आडवा फिरला की चित्र हलकं थरथरतं.’)

तो व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमचा आहे का पाहा. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने दाखवणारा असेल तर २४चा भाग ६०ला पूर्ण जात नाही. मग एक फ्रेम तीन वेळा, पुढची दोन वेळा, परत तीन, परत दोन, अशी दाखवावी लागते. थरथर त्या लंगडीची आहे. पडदा १२० हर्ट्झवर चालत असेल तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर पाच येतात आणि थरथर जाते. नाहीतर व्हिडिओ उतरवून घेऊन साध्या प्लेअरमध्ये लावा. तिथेही थरथरला तर वेबसाइटवाल्याला फोन करू नका, चित्रीकरण करणाऱ्याला करा.