ताटातली भाजी आणि डबीतली गोळी

नमस्कार श्रोतेहो.

रायत्यासाठी मोहरी फेसली की नाकात झिणझिण्या येतात. अख्ख्या दाण्याला असा वास नसतो. दाणा चिरडला की त्यातलं गंधकयुक्त द्रव्य आणि एक विकर, म्हणजे एन्झाइम, एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट हे झणझणीत रसायन तयार होतं. कोबी, फ्लॉवर, मुळा, ब्रोकोली ही सगळी मोहरीच्याच कुळातली. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन याच जातीचं. १९९२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टलाले यांच्या गटाने ते वेगळं काढलं. कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं निकामी करणाऱ्या शरीरातल्या यंत्रणेला ते चालना देतं, असं पेशींवरच्या आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं.

मात्र भाजी फार उकळली की हे विकर मरतं. म्हणून कोबी चिरून थोडा वेळ तसाच ठेवा, मग वाफेवर अर्धाकच्चा शिजवा, किंवा कोशिंबीरच करा. लसूणही ठेचून दहा मिनिटं थांबा, मगच फोडणीत टाका. टोमॅटोचं उलट आहे: तेलावर शिजवला की त्यातलं लायकोपीन, म्हणजे त्याचं लाल रंगद्रव्य, जास्त अंगी लागतं.

मग ही द्रव्यं गोळीतूनच का घेऊ नयेत? गाजरातल्या बीटा कॅरोटीनचा तसा प्रयोग फिनलंडमध्ये झाला. धूम्रपान करणारे २९ हजारांहून अधिक पुरुष त्यात होते. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा ही गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला! अमेरिकेतला असाच प्रयोग तर १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. भाजीत तंतू असतात, इतर शेकडो द्रव्यं असतात, आणि मात्राही बेताची असते. एकच द्रव्य काढून त्याचा मारा करणं ही वेगळीच गोष्ट झाली.

जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते. ती जरूर खा. पण पालेभाजीने मिश्रीचा, गुटख्याचा दोष धुऊन निघत नाही. तंबाखू सोडावीच लागते. आणि ज्यांच्या घरी कर्करोगाचा रुग्ण आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: हळदीच्या कॅप्सूलच्या भरवशावर केमोथेरपी थांबवू नका. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. उपचार चालू असताना कुठलाही अर्क किंवा काढा सुरू करायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि आधीच घेत असाल तर तेही त्यांना न लपवता सांगा.