मागच्या बंपरवर चार माणसं

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय गाडीविषयी. डांबर संपल्यावरही पुढं जाणाऱ्या गाडीविषयी. हल्ली शोरूममध्ये चार मीटरच्या आतल्या उंच गाड्यांची रांगच लागलेली असते. जमिनीपासून वीसेक सेंटिमीटर वर, कडेला काळं प्लास्टिक, टपावर दोन दांड्या. दिसायला रुबाबदार. पण यातल्या बहुतेक गाड्यांची फक्त पुढची दोन चाकं ओढतात. पुन्हा सांगतो, गाडी उंच आहे म्हणून ती फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी, होत नाही.

मला हे पटलं ते वेल्ह्याकडच्या आमच्या आत्याच्या वाडीवर. हरतालिकेचा दिवस. खालच्या गावातून वाडीवर गणपती न्यायचा होता. अंतर जेमतेम दोन किलोमीटर, पण सगळी चढण, तांबडी माती आणि वरून पाऊस. आतेभावानं नुकतीच अशीच एक उंच, छोटी गाडी घेतलेली. मूर्ती मांडीवर घेऊन आत्या तिच्यातच बसली. पहिल्या वळणावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. जितका पाय दाबावा तितका खड्डा खोल. मग आत्या मूर्ती पदराखाली धरून माझ्या जिप्सीत, मारुतीच्या जुन्या फोर बाय फोर गाडीत, आली.

माझी जिप्सी जुनी, हातानं हब लॉक करायची. म्हणजे भर चिखलात उतरायचं, पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली चकती फिरवायची आणि आत येऊन छोटा दांडा ओढायचा. तो ओढला की गाडी बैलासारखी सावकाश चढते. चढलीही. पण धनगराच्या वाड्याअलीकडं बैलगाड्यांनी पाडलेली खोल चाकोरी आहे, तिच्यात मी चाक तिरकं घातलं. चूक माझीच. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी झालं. आता चारही चाकांना ताकद असून उपयोग काय? डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर, ती ताकद हवेत लटकणाऱ्या चाकाकडंच सोडतं. दोन चाकं गरागरा फिरतायत आणि गाडी ढिम्म.

वाड्यातले म्हातारबाबा घोंगडीची खोळ घेऊन बघत उभे होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "चौघं जण मागं उभं ऱ्हावा, उजवीकडं." आतेभाऊ आणि वाड्यातली तीन पोरं मागच्या बंपरवर चढली. लटकणारं चाक त्यांच्या वजनानं खाली टेकलं, मी क्लच हळू सोडला, आणि गाडी अल्लद बाहेर आली. आत्या आत "मोरया, मोरया" म्हणत होती. मूर्तीचं बोटसुद्धा दुखावलं नाही.

आमच्या मागून भाचा जिम्नी, मारुतीचीच नवी फोर बाय फोर, घेऊन आला. त्याच चाकोरीत, तसाच तिरका. त्याचीही दोन चाकं उचलली गेली. क्षणभर फिरली, मग खालून करकर आवाज आला आणि गाडी निघाली. बंपरवर कुणी नाही. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, मग ताकद टेकलेल्या चाकाकडं जाते. बंपरवरच्या चार माणसांचं काम एका ब्रेकनं केलं. त्या दिवसापासून नव्या गाड्यांना मी सरसकट नावं ठेवत नाही.

तरी जुन्यावरचा जीव सुटत नाही, त्याला कारणं आहेत. जिप्सी १९८५ साली आपल्याकडं आली. वजन टनाच्या आसपास, म्हणून चिखलात कमी रुतते. दोन आसांमधलं अंतर २३७५ मिलिमीटर. २०२३ साली आलेल्या पाच दारी जिम्नीचं तेच अंतर २५९०. उंचवट्यावरून जाताना हे अंतर जितकं कमी, तितकं पोट कमी घासतं. जिप्सीला स्प्रिंगांऐवजी लोखंडी पट्ट्यांचे पाटे आहेत, ते मोडले तर तालुक्याचा मिस्त्री बसवतो. पण त्याच पाट्यांवर पुण्यापर्यंत या, कंबर बोलायला लागते. जिम्नीला स्प्रिंगा आहेत, तिथं ती सुखाची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिनं जुनी चेसिस, म्हणजे खालचा शिडीसारखा लोखंडी सांगाडा, सोडलेली नाही, लो रेंजचा, म्हणजे वेग कमी करून ताकद वाढवणारा, छोटा दांडाही ठेवलाय. स्क्रीन कितीही मोठा द्या, चढणीवर हात त्या दांड्याकडंच जातो.

आणि हो, गाडी जाते म्हणून कातळसड्यावर घालू नका. पावसाळ्यात तिथं बोटभर मातीत फुलं उगवतात. एकदा चाक गेलं की तो पट्टा वर्षानुवर्षं बोडका राहतो. ओढ्यात गाडी धुणाऱ्यांनाही माझं हात जोडून सांगणं आहे, खाली कुणीतरी ते पाणी भरत असतं.

तर गाडी बघायला जाल तेव्हा आधी वाकून खाली बघा. मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट आहे का? मग आत बसा. गिअरच्या शेजारी दुसरा दांडा, नाहीतर लो रेंजचं बटण, आहे का? शाफ्ट आणि लो रेंज. ही दोन असतील तर आत्याच्या वाडीवर या, गणपतीला.

नमस्कार.